हत्तींना पंख देणारा निवृत्त प्राध्यापक

२०१० सालच्या हंगामात महाराष्ट्रातून गेलेली द्राक्षे युरोपातील तपासणीत अडकली, ही गोष्ट आपल्याकडील बागाईतदार अद्याप विसरलेला नाही. वेलीची फाजील वाढ रोखणारे क्लोरमेक्वाट नावाचे रसायन, बागाईतदारांच्या बोलीत ‘सीसीसी’, त्या द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. मर्यादा होती एक किलो द्राक्षांमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. इतका सूक्ष्म अंश पाहणारा डोळा कोणता, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. असे अंश आज ज्या यंत्रांनी शोधतात, त्यांतील एक कळीची युक्ती जॉन फेन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची आहे. तिचे खरे सामर्थ्य जगासमोर आले तेव्हा त्याच्या विद्यापीठाने त्याला वयाच्या कारणास्तव निवृत्त करून जेमतेम एक वर्ष झाले होते.

हे यंत्र म्हणजे वस्तुमान वर्णपटमापक. रेणूंचे वजन करणारा तराजू, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. मात्र या तराजूची एक अट असते. वजन करावयाचा रेणू वायुरूपात मोकळा हवा आणि त्याच्यावर विद्युतभार हवा. तसे झाले की चुंबकीय किंवा विद्युत क्षेत्रात तो आपल्या वजनाप्रमाणे वेगळी वाट धरतो. केंब्रिजच्या फ्रान्सिस ॲस्टनने याच तत्त्वावर मूलद्रव्यांचे समस्थानिक निवडून काढले आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले. लहान रेणूंच्या बाबतीत ही अट सहज पुरी होते. पण प्रथिनासारखा अवाढव्य रेणू तापवून वायुरूप करू म्हटले, तर तो वायू होण्याआधी करपतो. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर टाकल्यास त्याची वाफ होत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल. त्यामुळे जीवसृष्टीतील सर्वांत महत्त्वाचे रेणू कित्येक दशके या तराजूच्या बाहेरच राहिले.

फेनची वाट या प्रश्नाकडे सरळ आलेली नव्हती. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा जन्म झाला. मंदीच्या काळात कुटुंब केंटकी राज्यातील बेरिया या गावी गेले. तेथील महाविद्यालयात फी नसे, पण प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावे लागे. तेथून १९३७ साली पदवी आणि १९४० साली येल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतल्यावर त्याने बारा वर्षे कारखान्यांत आणि खासगी संशोधन-संस्थांत काढली. डॉक्टरेटनंतर सुमारे दहा वर्षे त्याच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. आजच्या निवड-समितीपुढे असा उमेदवार उभा राहिला असता, तर त्याचा अर्ज कोणत्या गठ्ठ्यात गेला असता हे सांगावयास नको. आपले गणित कच्चे आहे, अशी खंत तर तो आयुष्यभर व्यक्त करीत राहिला.

१९५२ साली प्रिन्स्टन विद्यापीठात आल्यावर जेट इंजिनांच्या संशोधनातून तो वायूंच्या अतिवेगवान झोतांकडे वळला. १९६७ साली तो येलला परतला. याच सुमारास माल्कम डोल या रसायनशास्त्रज्ञाने एक धाडसी कल्पना मांडली होती. विजेचा भार देऊन मोटारगाड्यांवर रंग फवारतात, हे पाहून त्याला वाटले की रेणूंचे द्रावणही असेच फवारले तर? १९६८ साली त्याने प्रयोग केले, पण ते पूर्णत्वास गेले नाहीत. झोतांचा अभ्यास असलेल्या फेनला त्यातील अडचण उमगली. १९८४ साली मासामिची यामाशिता या जपानी सहकाऱ्यासह त्याने पद्धत बसविली. त्याच वर्षी लेनिनग्राडच्या एका गटानेही स्वतंत्रपणे असेच काम प्रसिद्ध केले होते, हे नमूद केले पाहिजे.

पद्धत अशी. द्रावण बारीक सुईतून सोडावयाचे आणि तेथे काही हजार व्होल्टचा दाब ठेवावयाचा. टोकापासून भारित थेंबांचा फवारा उडतो. समोरून कोरडा, कोमट वायू येतो आणि थेंब आटू लागतात. थेंब आटतो, पण त्याच्यावरील भार आटत नाही. एकमेकांना दूर लोटणारे भार दाटीवाटीने जवळ येतात, शेवटी थेंब फुटतो, त्याची पिले पुन्हा आटतात आणि फुटतात. अखेर उरतो तो भार अंगावर घेतलेला, पण अखंड रेणू. ना आच, ना करपणे. द्रावणातील रेणू उचलून तराजूत घालण्याची ही सोय लहान रेणूंनाही उपकारक ठरली.

पण खरे नवल पुढेच होते. मोठ्या रेणूवर एक नव्हे, तर अनेक भार बसत. यंत्र मोजते ते वजन आणि भार यांचे गुणोत्तर. म्हणून २० हजार वजनाच्या प्रथिनावर २० भार असतील, तर यंत्राला ते सुमारे एक हजाराचेच दिसते. साध्या, स्वस्त यंत्रात हत्ती मावला! शिवाय एकच रेणू १८, १९, २० अशा वेगवेगळ्या भारांनिशी येत असल्याने प्रत्येक खुणेवरून वजन पुन्हा पडताळता येऊ लागले. हे हिशेब बसविण्यात माथियास मान या विद्यार्थ्याचा मोठा हात होता. गुरूचे कच्चे गणित शिष्याने असे भरून काढले. १९८८ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत प्रथिनांचे हे वर्णपट मांडले गेले आणि अवघे क्षेत्र ढवळून निघाले. नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्ताच्या ठिपक्यावरून जन्मजात विकार ओळखण्यापासून औषधांतील अशुद्धी शोधण्यापर्यंत ही पद्धत आज सर्वत्र आहे. ‘रेणूंतील हत्तींना पंख’ अशा अर्थाचे शीर्षक फेनने पुढे आपल्या नोबेल व्याख्यानाला दिले.

आता तारखांकडे पाहावे. फेनला सत्तर वर्षे पूर्ण झाली १९८७ साली. येलच्या नियमाप्रमाणे तो निवृत्त झाला. पद गेले आणि त्याबरोबर प्रयोगशाळेतील बरीचशी जागाही गेली. अमेरिकेत १९८६ च्या कायदादुरुस्तीने सक्तीची निवृत्ती बहुतेक क्षेत्रांत रद्द झाली होती. विद्यापीठांतील कायम प्राध्यापकांना मात्र १९९३ अखेरपर्यंत त्यातून वगळले होते.

निवृत्तीचे वय वाढविण्याचा विषय निघाला की आपल्याकडे जागांसाठी तिष्ठणारे तरुण संतापतात, आणि त्यांचे म्हणणे चूक नसते. खुर्ची अडवून बसलेला वृद्ध प्राध्यापक हा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु खुर्ची आणि प्रयोगशाळेतील मेज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फेनचे पद तरुणाला देणे न्याय्यच होते. पण मेज काढून घेतल्याने कोणत्या तरुणाचे भले झाले? उलट, मानसारखे तरुण त्या मेजापाशीच तर घडले.

फेनला संत ठरविण्याचा मात्र हेतू नाही. या शोधाचे पेटंट त्याने स्वतःच्या नावे घेतले आणि ते आपला सहभाग असलेल्या कंपनीला वापरू दिले. संशोधनामागे सरकारी अनुदान होते आणि विद्यापीठाच्या धोरणानुसार हक्क विद्यापीठाचा होता. वाद न्यायालयात गेला. शोधाचे मोल फेनने विद्यापीठाला मुद्दाम कमी करून सांगितले, असा निष्कर्ष काढून २००५ साली न्यायालयाने पेटंट येलकडे सोपविले आणि खर्चासह दहा लाखांहून अधिक डॉलर भरण्याचा हुकूम केला. निकाल चूक होता असे म्हणवत नाही. पण ज्या संस्थेने जागा आखडून घेतली, तिनेच त्या कामाच्या फळावर हक्क सांगावा, हेही मनाला सहज पटत नाही.

तोपर्यंत फेन येल सोडून गेलेला होता. १९९४ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, तो रिचमंड येथील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात नव्याने रुजू झाला. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा चौथा हिस्सा त्याला मिळाला, तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. तितकाच हिस्सा क्योटोच्या एका कंपनीतील अभियंता कोइची तनाका याला मिळाला. त्याच्याजवळ डॉक्टरेटही नव्हती. १० डिसेंबर २०१० रोजी, द्राक्षे अडकली त्याच वर्षी, फेनचे रिचमंडमध्ये निधन झाले.