ऋतुमान, जोडसामान आणि मोटरसायकलचे अ‍ॅव्हरेज

मोटरसायकलचे अ‍ॅव्हरेज, म्हणजे एका लिटरमध्ये कापलेले अंतर, केवळ इंजिनावर ठरत नसून हवेचे तापमान आणि गाडीवर चढवलेले जोडसामान यांवरही ठरते. थंड हवा दाट असते. ४० अंश सेल्सिअसच्या तुलनेत १० अंशांना तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि त्याच प्रमाणात वायुरोध, म्हणजे धावत्या वाहनाला हवेकडून होणारा विरोध, वाढतो. शिवाय गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसल्याने इंधनाचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण सोडावे लागते, ऑइल घट्ट झाल्याने घर्षण वाढते आणि चाकांतील हवेचा दाब उतरल्याने टायर अधिक दबून फिरतात; म्हणूनच इंजिन तापण्याआधी संपणाऱ्या छोट्या फेऱ्या निफाडच्या थंडीत विशेष महाग पडतात. पावसाळ्यात टायरला रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्यासाठी जादा शक्ती लागते.

वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ४० वरून ८० किलोमीटरवर जाताना तो चौपट होतो. त्यामुळे रुंद काच किंवा बाजूच्या पेट्या शहरात फारशा जाणवत नाहीत, पण महामार्गावर पेट्रोल खातात. शहरात मात्र वजन आडवे येते, कारण प्रत्येक सिग्नलनंतर लेगगार्डसह सगळा भार पुन्हा गतिमान करावा लागतो. जादा दिव्यांची वीजही अखेर पेट्रोलमधूनच निर्माण होत असल्याने हॅलोजनऐवजी एलईडी दिवे लावणे आणि प्रवास संपताच रिकाम्या पेट्या उतरवणे हिताचे ठरते.