मीरा मोटारगाडी

इचलकरंजी (जि. कोल्हापूर) येथील शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतः आराखडा करून बनविलेली लहान मोटारगाडी. १९४५ च्या सुमारास आरंभिलेल्या प्रयोगांतून १९४९ मध्ये तिचा दोन आसनी नमुना तयार झाला; सुधारित नमुने पुढे १९७० च्या दशकापर्यंत होत राहिले. निलंबनात पोलादी स्प्रिंगांऐवजी रबर वापरले होते.

खरी अडचण एंजिनाची होती. मागे बसविलेले, दोन सिलिंडरांचे व्ही-आकारी एंजिन आरंभी हवेने थंड होणारे होते. मोटारसायकलीचे उघडे एंजिन समोरच्या वाऱ्याने निवते. गाडीच्या मागील बाजूस, झाकणाखाली, तो वारा पोहोचत नाही. हवा अपुरी पडली की सिलिंडर तापतो, वंगण पातळ होते व दट्ट्या अडकू लागतो. (फोक्सवॅगनच्या वातशीतित एंजिनास याचसाठी मोठा पंखा असे.) अखेरीस कुलकर्णी यांनी जलशीतन स्वीकारले.

तथापि गाडी केवळ एंजिनामुळे मागे पडली, असे म्हणणे योग्य नव्हे. मोटार-उत्पादनास त्या काळी केंद्र शासनाचा परवाना लागे आणि भांडवलही मोठे लागे. सुमारे १२,००० रुपये किंमत अपेक्षिलेल्या मीराचे कारखानी उत्पादन कधीच झाले नाही. मारुती ८०० ही लहान गाडी १९८३ मध्ये बाजारात आली.