येऊरच्या रानाची वहिवाट

बाळकुमच्या नाक्यावरून पश्चिमेकडे पाहिले असता उंच इमारतींच्या फटींतून जी डोंगररांग दिसते ती येऊरची. ठाणे, मुलुंड आणि बोरिवली यांच्या दरम्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ती पूर्वेकडील बाजू होय. हे अरण्य निर्मनुष्य असे कधीच नव्हते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षुसंघाचा निवास होता, आणि त्यांनी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या पाहिल्या म्हणजे या डोंगरावर कोसळणाऱ्या पर्जन्याचे मोल त्यांनी किती अचूक जाणले होते याची साक्ष पटते.

साष्टीचा मुलूख 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला, तरी लाकूडफाटा, गवत आणि राब यांसाठी रानात शिरण्याची रयतेची वहिवाट चालूच राहिली. भाताची रोपे तयार करावयाच्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून ती जमीन भाजण्याची जी रीत कोकणात आहे तिला राब म्हणतात, आणि राबावाचून भाताचे पीक नाही अशी शेतकऱ्याची दृढ श्रद्धा होती. म्हणून 1878 च्या जंगल कायद्यान्वये सरकारने रानांना राखीव हद्दी घातल्या तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तीव्र असंतोष उसळला, डहाळ्या तोडण्याच्या हक्काविषयी अर्जांवर अर्ज झाले, आणि अखेर 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी जंगल कमिशन नेमणे भाग पडले. आपल्याच जिल्ह्याचा हा झगडा मुलांच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यावयास हवा, असे मला मनापासून वाटते.

दरम्यान मुंबईची तहान भागविण्यासाठी याच डोंगरांत 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी हे तलाव सिद्ध झाले. पाणी निर्मळ राखावयाचे तर पाणलोटावर वस्ती वाढू देता येत नाही, आणि आज हे रान उभे आहे याचे श्रेय, माझ्या मते, मुख्यत्वे या तलावांना आहे.

आता पहाटे उपवनाच्या वाटेने ठाणेकर फिरावयास चढतात, आणि आठ वर्षांनी एकदा कारवी फुलली की जांभळे झालेले उतार पाहण्यास लोटतात. त्याच रानात बिबळ्यांचा संचार आहे, आणि त्याच रानात वारल्यांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अतिक्रमणे हटविण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला तो योग्यच होता. परंतु अतिक्रमण करणारा आणि मूळचा वनवासी यांतील भेद 2006 च्या वनहक्क कायद्याने स्पष्टपणे मान्य केला आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यासारखी कामे आता याच डोंगराच्या पोटातून जात असताना, पाड्यांतील वारल्यांच्या हक्कांची नोंद सरकारी दप्तरात पक्की होणे हे काम त्यांच्या मागे पडता कामा नये.