निष्ठेची दोन अधिष्ठाने : ‘अवस्थे’ आणि ‘सिंहासन’

‘पक्षनिष्ठा’ आणि ‘तत्त्वनिष्ठा’ हे दोन सामासिक शब्द मराठीत जोडीने वापरले जातात. ‘निष्ठा’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘स्थिर उभे राहणे’ ही कल्पना आहे; मात्र कोठे उभे राहावयाचे, हे तो शब्द सांगत नाही.

समाजवादी चळवळीत हा प्रश्न १९५४ मध्ये तीव्र झाला. त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थानु पिळ्ळै यांचे सरकार असताना पोलिसांनी तमिळ आंदोलकांवर गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांनी आपल्याच सरकारच्या राजीनाम्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. १९५५ मध्ये पक्ष दुभंगला. मधु लिमये लोहियांसमवेत बाहेर पडले, एस. एम. जोशी पक्षातच राहिले. दोघांची वैचारिक जडणघडण पुण्याच्या एकाच समाजवादी वर्तुळातील होती. तेव्हा जो बाहेर पडतो तो तत्त्वनिष्ठ आणि जो राहतो तो केवळ पक्षनिष्ठ, अशी विभागणी टिकत नाही. संघटनेवाचून तत्त्व पांगळे होते, हाही एक तात्त्विक विचारच होय.

हाच पेच यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘अवस्थे’ (१९७८) या कन्नड कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. अनंतमूर्ती म्हैसूर विद्यापीठाचे विद्यार्थी आणि पुढे तेथेच इंग्रजीचे प्राध्यापक. कादंबरीचा नायक कृष्णप्प गौड ही व्यक्तिरेखा, कागोडू येथील कुळांच्या सत्याग्रहाशी (१९५१) निगडित समाजवादी नेते शांतवेरी गोपाळ गौड (१९२३–१९७२) यांच्यावर बेतलेली मानली जाते. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या कृष्णप्पासमोर मुख्यमंत्रिपदाचा मोह उभा राहतो; परंतु त्या पदाची वाट पक्षांतराच्या गणितातून जाते. येथे संघर्ष नायकाच्या अंतरंगात घडतो.

अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ (१९७७) मध्ये स्थिती निराळी आहे. मुख्यमंत्र्यांचे आसन डळमळीत करणाऱ्या डावपेचांत तत्त्वाला स्थानच उरत नाही. नैतिक अस्वस्थता उरते ती सत्तेबाहेरच्या पत्रकार दिगू टिपणीसकडे. कन्नड कादंबरी निष्ठेची शोकांतिका मांडते, तर मराठी कादंबरी निष्ठेच्या अनुपस्थितीचे समाजचित्र रेखाटते.

या दोन्ही कृती १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपूर्वीच्या आहेत, ही बाब महत्त्वाची ठरते. त्या दुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते. पदासाठी पक्ष सोडणारा आणि विवेकासाठी पक्षाविरुद्ध मत देणारा, या दोघांचे हेतू कायदा पाहत नाही. तो केवळ कृती पाहतो. हेतूंची ही पारख कादंबरीला शक्य होते. म्हणूनच या दोन कृतींचे एकत्र वाचन हा राजकीय निष्ठेच्या अभ्यासाचाही आवश्यक भाग ठरतो.