पोत्यावरील दोन हात : परदेशी साहाय्य, लोकराजनय आणि आपले वऱ्हाड

अमरावती आणि अकोला परिसरातील आपल्या धर्मग्रामांत गेल्या काही काळापासून दोन प्रश्न विचारले जात आहेत, आणि गंमत अशी की ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. धर्मग्रामाबाहेरचे शेजारी विचारतात, "तुमच्याकडे परदेशातून एवढा पैसा येतो, तो जातो कुठे?" आणि धर्मग्रामातले आपलेच लोक विचारतात, "फादर, परदेशातून येणारी मदत आता बंद झाली म्हणतात, ते खरे का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात देता येत नाहीत. ही मदत कोठून निघते, कोणाच्या हातून जाते आणि तिच्यासोबत आणखी काय काय येते, हे समजून घेतले तरच उत्तर सापडते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम ताजी घटना. अमेरिकी शासनाची परदेशी साहाय्य देणारी 'यूएसएड' ही यंत्रणा १ जुलै २०२५ पासून बंद झाली व तिचे उरलेसुरले काम त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे सोपवण्यात आले. त्याआधी जानेवारी २०२५ मध्येच नव्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने मदतीचा ओघ थांबवण्यात आला होता. अमेरिकेतील कॅथॉलिक महागुरुस्वामींनी चालवलेली 'कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस' ही संस्था तिच्या अर्थसंकल्पाच्या जवळजवळ निम्म्या भागासाठी या यंत्रणेवर अवलंबून होती. तिला अनेक देशांतील कामे आवरती घ्यावी लागली. आपल्यापैकी वयस्कर मंडळींना या संस्थेचे नाव कदाचित आठवणार नाही, परंतु तिच्या तेलाचे डबे, दुधाची भुकटी आणि दलियाची पोती नक्की आठवतील. त्या पोत्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात छापलेले असत आणि खाली इंग्रजीत लिहिलेले असे की ही अमेरिकन जनतेची भेट आहे, ती विकू नये.

ते दोन हात म्हणजेच आजच्या लेखाचा विषय. परक्या देशातील सर्वसामान्य जनतेच्या मनात आपल्या देशाविषयी सद्भाव निर्माण करणे, याला अभ्यासक लोकराजनय म्हणतात. राजदूत सरकारशी बोलतो. पोते थेट चुलीशी बोलते. भुकेल्याला अन्न देणे हे प्रभूने सांगितलेले काम आहे, आणि त्याच अन्नासोबत देणाऱ्या देशाचे नाव घरोघरी पोहोचवणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. एकाच पोत्यात ही दोन्ही कामे भरली जातात तेव्हा ते पोते वाटणाऱ्या संस्थेची स्थिती मोठी अवघड होते.

वऱ्हाडाला हा अनुभव फार जुना आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या प्रांताने भोगला. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली होती. कापसाच्या गाठी रेल्वेने मुंबईकडे जात होत्या, धान्य रेल्वेनेच येत होते, पण ते विकत घेण्याची ताकद मजुराच्या अंगी उरली नव्हती. त्या वेळी न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वाचकांकडून देणग्या गोळा केल्या. मे १९०० मध्ये 'क्विटो' नावाचे जहाज दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे पाच हजार टन मका घेऊन मुंबईकडे निघाले. जहाजाच्या भाड्याचा खर्च अमेरिकी शासनाने उचलला. मुंबईत निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांच्या समितीने तो मका वाटला. अकोला व खामगाव येथे त्या काळी एका अमेरिकी प्रोटेस्टंट मिशनची अनाथालये होती आणि दुष्काळात पोरकी झालेली वऱ्हाडी मुले तेथे वाढली.

साप्ताहिकाचा निधी, शासनाचे जहाज आणि मिशनऱ्यांचे हात अशी ही तिहेरी मोट होती. पुढच्या शतकभरातील परदेशी साहाय्याचा साचा येथेच तयार झालेला दिसतो. त्यातला एक दोषही येथेच दिसतो. देणग्या मिळाव्यात म्हणून त्या साप्ताहिकाने हाडांचे सापळे झालेल्या भारतीयांची छायाचित्रे छापली. त्यांच्यामुळे मका आला हे खरे. परंतु ज्यांची छायाचित्रे काढली गेली त्यांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न आम्हांला आजही अस्वस्थ करतो. कारण आजच्या संस्थांची माहितीपत्रकेही या मोहापासून पूर्णपणे सुटलेली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर या व्यवहाराला कायद्याची चौकट मिळाली. कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस १९४३ मध्ये युद्धग्रस्तांसाठी स्थापन झाली आणि १९४६ पासून भारतात काम करू लागली. जुलै १९५१ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात करार झाला. स्वयंसेवी संस्थांनी मोफत वाटण्यासाठी आणलेल्या वस्तूंवर भारत सरकार जकात घेणार नाही आणि बंदरापासून वाटपाच्या ठिकाणापर्यंतचा वाहतूक खर्चही स्वतः सोसेल, असे त्यात ठरले. म्हणजे आपल्या गावात आलेल्या प्रत्येक पोत्यामागे भारतीय करदात्याचा पैसाही होता. पोत्यावर मात्र त्याचा हात छापलेला नव्हता!

जुलै १९५४ मध्ये अमेरिकेने 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा केला. आपल्याकडे तो 'पीएल ४८०' या नावानेच ओळखला जातो. या कायद्याखाली आलेले सगळे धान्य फुकटचे होते असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. फार मोठा भाग भारताने रुपये मोजून घेतलेला होता. ते रुपये भारतातच साठत गेले आणि १९७४ मध्ये अमेरिकेने त्यांतील सुमारे दोन अब्ज डॉलर मूल्याची रक्कम सोडून दिली. स्वयंसेवी संस्थांमार्फत येणारे मोफत धान्य हा त्या कायद्याचा वेगळा आणि लहान भाग होता. धर्मप्रांतांकडे आले ते हे दुसरे धान्य. शाळेतील मुलांचे दूध, दवाखान्यातील माउलीचा दलिया आणि विहीर खोदणाऱ्या मजुराच्या मोबदल्यातील तेल त्यातूनच दिले जाई. १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलोची भाकर ज्यांनी खाल्ली, तेही ती 'अमेरिकेची भीक' म्हणून सांगतात. वस्तुतः भारताने १९७१ अखेर सवलतीची धान्यआयात थांबवली होती आणि मिलो बव्हंशी विकत घेतलेली होती. विकत घेतलेल्या धान्यालाही भीक म्हणण्याची पाळी यावी, हे त्या आधीच्या पंधरा वर्षांच्या अनुभवाचे फळ होते.

त्या अनुभवात कटुता होती. १९६५ नंतर, लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसलेला असताना, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला जाणारी जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. शेतीविषयक धोरण बदलावे हा एक हेतू होता. व्हिएतनाम युद्धावर भारताने केलेली टीका त्यांना रुचली नव्हती, हेही लपून राहिले नाही. मैत्रीची खूण म्हणून छापलेले हात लोकांना मग लगाम धरणारे वाटू लागले. आपल्या बांधाबांधांवर माजलेले गाजरगवत पीएल ४८० च्या गव्हातून आले, ही समजूत अशाच मनःस्थितीत रुजली. पुण्यात या गवताची नोंद १९५५ ची आहे आणि भारताशी पीएल ४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. तेव्हा तारखा जुळत नाहीत. १९५१ मध्ये कर्जाऊ आलेला गहू जमेस धरला तर समजूत अगदीच निराधार म्हणता येणार नाही, एवढेच. पण ज्या देशाने कोट्यवधी पोटे भरली, त्याचे नाव वऱ्हाडातील शेतकरी आज तणाच्या निमित्ताने घेतो. लोकराजनयाचे असेही होते.

आता आपल्याला अधिक जवळच्या प्रकरणाकडे वळू. एप्रिल १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे त्या वेळी त्याच राज्यात होते, हे तरुण वाचकांना ठाऊक नसेल. समिती वऱ्हाडातही फिरली. ही चौकशी चालू असतानाच, मे १९५५ मध्ये, नागपूरपासून वेगळा होऊन आपला अमरावती धर्मप्रांत जन्माला आला व महागुरुस्वामी जोसेफ रोझारिओ यांनी त्याची धुरा घेतली. ती त्यांनी पुढे चाळीस वर्षे वाहिली. १९५६ मध्ये समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. परदेशातून येणाऱ्या पैशाची आकडेवारी त्यात होती आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट साधन म्हणून वापर करण्यास कायद्याने बंदी घालावी, अशी शिफारस होती.

या अहवालाने अनेक प्रामाणिक सेवकांवर अन्याय केला, असे आमचे स्पष्ट मत आहे. काहींच्या दोषांवरून सर्वांना एका मापाने मोजले गेले. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न खोटा नव्हता. गरजू माणूस दाराशी उभा असताना देणाऱ्याच्या मनात दुसरा हेतू असेल, तर दान व सौदा यांतील रेघ पुसट होते. हा प्रश्न शासनाचा ध्वज मिरवणाऱ्या पोत्याला जसा लागू आहे, तसा क्रूस मिरवणाऱ्या दवाखान्यालाही लागू आहे.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात आहे. पोप पौल सहावे डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत आले, तेव्हा शस्त्रास्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग बाजूला काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारावा, असे आवाहन त्यांनी पत्रकारांपुढे केले. 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसियो' या १९६७ च्या परिपत्रकात त्यांनी त्या मुंबईच्या आवाहनाची आठवण दिली आणि त्याच ठिकाणी आर्थिक साहाय्याच्या आडून येणाऱ्या नव्या वसाहतवादाविषयी सावधही केले. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या 'देऊस कारितास एस्त' मध्ये अधिक रोखठोक सांगितले : प्रेमसेवा ही विनामूल्य असते, ती धर्मप्रसाराचे साधन म्हणून करू नये आणि कोणत्याही राजकीय विचारसरणीच्या दावणीलाही बांधू नये.

व्यवहारात हे कसे जमते? जर्मनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील महागुरुस्वामींनी १९५८ मध्ये 'मिझेरिओर' ही संस्था उपासमार व रोगराई यांविरुद्ध काम करण्यासाठी काढली आणि तिचा निधी धर्मप्रसाराच्या निधीपासून मुद्दाम वेगळा ठेवला. जर्मन शासनही चर्चमार्फत विकासासाठी पैसा देते; मात्र कामे निवडताना आपले परराष्ट्र धोरण मध्ये आणत नाही. महाराष्ट्रात अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) राहिलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. नाबार्ड त्यात भागीदार होती. गावाने आधी श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळायची, ग्रामसभेत समिती निवडायची, आणि मगच निधी यायचा. पैसा जर्मन होता, परंतु बांध गावाचा होता आणि त्यावर कोणाचेही हात छापावे लागले नाहीत. पोत्याकडून बांधाकडे झालेला हा प्रवास आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

राहिला आजचा कायदा. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा पहिला कायदा १९७६ चा. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० मध्ये त्यात कडक दुरुस्त्या झाल्या. परदेशी देणगी आता दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सर्वांत मोठा परिणाम झाला तो तिसऱ्या दुरुस्तीचा : एका नोंदणीकृत संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. १९६२ पासून कार्यरत असलेल्या 'कॅरितास इंडिया'सारख्या राष्ट्रीय संस्थेने बाहेरून निधी आणावा आणि धर्मप्रांतांच्या समाजसेवा केंद्रांना वाटावा, ही जुनी रीत त्यामुळे संपली. स्वतःची नोंदणी असलेल्या केंद्राला थेट देणगी घेता येते. ज्याची नोंदणी नाही वा नूतनीकरण रखडले आहे, त्याच्या परदेशी निधीवर चालणाऱ्या कामाला टाळे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचेही नूतनीकरण नाकारले गेले होते. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा मिळाले.

तेव्हा धर्मग्रामातील प्रश्नाचे उत्तर असे : परदेशी मदत सरसकट बंद झालेली नाही, अमेरिकी शासनाचा झरा आटला आहे, आणि उरलेल्या झऱ्यांचे पाट अरुंद झाले आहेत. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर आहे. नोंदणी असलेल्या प्रत्येक संस्थेला मागील आर्थिक वर्षाचे विवरण ३१ डिसेंबरपर्यंत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे 'एफसी-४' नमुन्यात भरावे लागते आणि लेखापरीक्षित हिशेबही लोकांना पाहता येईल असा ठेवावा लागतो. आपल्या धर्मग्रामातील संस्थांची नोंदणी असेल तर तो हिशेब मागून वाचावा, आणि विचारणाऱ्या शेजाऱ्यालाही दाखवावा. प्रायश्चित्तकाळात कॅरितास इंडियाच्या अभियानासाठी आपण पाकिटात जे टाकतो, त्याला यांतील एकही नियम लागू नाही. ते भारतीय रुपये आहेत आणि ते कोणत्याही केंद्राकडे जाऊ शकतात. ती पाकिटे येत्या राखेच्या बुधवारी मिस्सानंतर दाराशी ठेवलेली असतील.