बोर्ड मेला नव्हता, लय चुकली होती

परवा सोलापुरात घरी मायक्रोकंट्रोलर लॅपटॉपला जोडला, तर स्क्रीनवर नुसती चिन्हांची खिचडी. बोर्ड फेकणारच होतो! पण घोळ बॉड रेटचा होता: तो 9600 ने बोलत होता, मी 115200 ने ऐकत होतो.

दिंडीतला नवा टाळकरी आधी लय ऐकतो, मग टाळ धरतो. बोर्डालाही तसंच शिकवता येतं, हेच ऑटोबॉड. लॅपटॉपवरून कॅपिटल 'यू' पाठवा. त्याचे बिट 0-1-0-1 असे आलटूनपालटून येतात. लाइन 1 वरून 0 वर पहिल्यांदा पडते तिथपासून पाचव्यांदा पडेपर्यंत बरोबर 8 बिटांचा वेळ जातो. बोर्डाचा टायमर तो मोजतो, 8 ने भागतो. 833 मायक्रोसेकंद आले? एका बिटाला 104, म्हणजे 9600!

फक्त पहिलं अक्षर 'यू'च हवं, नाहीतर हिशोब फसतो.