आशीर्वाद कोणाचा?

हा प्रश्न आम्हांस एका रविवारी पडला. आमच्या संघटनेतील एक ख्रिस्ती फिटर आम्हांस आपल्या चर्चमध्ये घेऊन गेला होता. त्याचा कारखाना बंद होता आणि सात महिने पगार नव्हता. उपासना संपताना पाळकांनी दोन्ही हात उंचावून आशीर्वाद दिला. सारी मंडळी मान लववून उभी राहिली. बाहेर आल्यावर आम्ही जरा तिरकसपणेच विचारले, "काय रे, काय मिळाले?" तो म्हणाला, "भाऊ, पाळकसाहेब देत नाहीत, ते पोचवतात." आम्ही शाळेत फार शिकलो नाही, पण या उत्तराने आम्हांस बायबल उघडावयास लावले.

तो आशीर्वाद जुन्या करारातील 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याचे पुत्र हे इस्राएल लोकांचे याजक. लोकांना आशीर्वाद कसा द्यावा हे त्यांना तेथे सांगितले आहे. मूळ हिब्रूत तो अवघा 15 शब्दांचा: पहिल्या ओळीत 3, दुसरीत 5, तिसरीत 7. देवाने भले करावे व राखण करावी, त्याच्या मुखाचा उजेड पडावा, त्याने आपल्याकडे तोंड वळवून शांती द्यावी, एवढेच मागणे.

यरुशलेममध्ये केतेफ हिन्नोम येथील एका थडग्यात 1979 साली, गाब्रिएल बारकाय यांच्या उत्खननात, चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर या आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ इ.स.पू. सातवे-सहावे शतक मानतात. बायबलमधील मजकुराचा याहून जुना लेख अद्याप मिळालेला नाही. त्या गुंडाळ्या ताइतासारख्या अंगावर बाळगीत असावेत.

मग आशीर्वाद म्हणजे ताईतच काय? तसे नव्हे. याच उताऱ्याच्या शेवटी देव सांगतो की, याजकांनी माझे नाव लोकांवर ठेवावे. आशीर्वाद देणारा मीच. आमच्या लहानपणी गावी पोस्टमन मुंबईची मनीऑर्डर घेऊन येई. त्याची आम्ही वाट पाहत असू, त्याला मान देत असू. पण पैसे त्याचे नव्हते, गिरणीत राबणाऱ्या बापाचे होते. याजकाचे स्थान तसेच आहे. म्हणून पाळक थोर असो वा सामान्य, आशीर्वादाचे मोल कमीजास्त होत नाही. आणि तो अडवून ठेवून कोणावर हुकमत गाजविण्याचा अधिकारही त्याला पोचत नाही.

मार्टिन लूथरने 1526 च्या आपल्या जर्मन उपासनाक्रमात हाच आशीर्वाद शेवटी ठेवला. सर्व श्रद्धावंत हे याजकच, असेही तो सांगे. कॅथलिक व अँग्लिकन परंपरेत उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद दीक्षित धर्मगुरू देतात. परंतु घरी आईबापांनी मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करून आशीर्वाद देण्याची चाल कॅथलिकांतही आहे.

आजच्या श्रद्धावंताला यात काय घेण्यासारखे आहे? आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, आशीर्वाद साऱ्या समुदायाला दिला जातो, पण मूळ भाषेत संबोधन एकवचनी आहे. हजेरीपटावरील नुसता नंबर होऊन राहिलेल्या माणसाला तेथे 'तू' म्हटले जाते.

दुसरी गोष्ट शेवटच्या शब्दाची. 'शालोम' म्हणजे केवळ भांडणाचा अभाव नव्हे. त्यात आरोग्य, पोटभर अन्न, नीट संबंध, सारे येते. जखम वरवर बांधून सर्व ठीक आहे म्हणणाऱ्या याजकांना यिर्मया संदेष्ट्याने खडसावले होते. उपाशी माणसाला गप्प बसविणारी शांती ही ती शांती नव्हे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. 'राखण' या अर्थाचा जो हिब्रू धातू या आशीर्वादात आहे, तोच काइनाच्या गोष्टीत आहे. भावाचा खून करून काइन देवालाच विचारतो की, भावाचा राखणदार मी आहे काय? देवाने माझी राखण करावी म्हणून जो मान लववतो, त्याला हा प्रश्न पुन्हा विचारता येत नाही.

त्याच संध्याकाळी तो फिटर आमच्याबरोबर चाळीचाळीतून फिरला. ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती, त्यांची यादी करावयाची होती. त्याने स्वतःचे नाव यादीत शेवटी घातले.